एक वर्ष पुढचा सम्यक

दर रविवारी अकराच्या सुमारास लंडनमध्ये एजवेअरला रचनाच्या घरी लीड्सहून फोन यायचा. फोन शांतामावशीचा. ती काही सख्खी मावशी नव्हे. रचनाचे बाबा, भगवान, नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा वेम्बलीत एकाच घरात दोन कुटुंबं राहिली होती. खालच्या खोल्या यांच्या, वरच्या शांताबाईंच्या. पुढे शांताबाईंच्या नवऱ्याची बदली लीड्सला झाली, वर्षाच्या आत तो हार्ट अटॅकने गेला, आणि शांताबाई तिथेच एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला लागल्या. मग नातं उरलं ते फोनपुरतं.

शांताबाईंना एकच मुलगा, सम्यक. रचनापेक्षा एका वर्षाने मोठा. वेम्बलीतला तो रचनाला अजिबात आठवत नव्हता. चार वर्षांची होती ती. घरी एक फोटो होता, त्यात कानटोपी घातलेला, नाक वाहणारा एक मुलगा तिचा हात धरून उभा होता. पण फोनमधला सम्यक मात्र तिला पाठ होता. रचना ज्या दारापाशी पोचायची, त्यातून तो वर्षापूर्वीच आत गेलेला असायचा. तिला गणितात वरचा सेट, म्हणजे हुशार मुलांचा वर्ग, मिळाला, तर सम्यकला मागच्याच वर्षी मिळालेला. तिने शाळेच्या डिबेटमध्ये भाग घेतला, तर त्याने जिंकलेली. आई फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटायची, आणि रचना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून पुढच्या वर्षी आपलं काय होणार ते ऐकायची.

भगवान मुलीला कधी रागावत नसत. त्यांचं एकच म्हणणं होतं, माणसाला जे डोळ्यांसमोर दिसतं तेच तो होतो. त्यांच्या वस्तीत शेजारच्या गल्लीतला एक मुलगा इंजिनिअर झाला, त्याला बघून भगवान झाले, आणि भगवानना बघून आणखी चौघं. त्यात खोटं काहीच नव्हतं. "आपल्या माणसांत एक पुढे असला की मागच्याला अंधार वाटत नाही," ते म्हणायचे. म्हणून सम्यकचं नाव त्या घरात कौतुकानेच निघायचं, टोमण्याने नाही. रचनाला त्याचा हेवा वाटत नसे. पुढे कुणीतरी चालतंय, याचा तिला आधारच वाटायचा.

ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीत, तिला नकाशांचं वेड लागलं. जुने नकाशे, नद्यांनी बदललेली पात्रं, बुडालेली गावं. युनिव्हर्सिटीत जॉग्रफी घ्यावी असं तिने उन्हाळ्यात आईला हळूच सांगितलं. आईने ते रविवारी फोनवर सांगितलं असणार. पुढच्या रविवारी शांतामावशीने मुद्दाम रचनाला फोनवर बोलावलं. सम्यकलाही मधे असंच काहीतरी डोक्यात आलं होतं, म्हणाली, पण मग त्याने विचार केला की आपल्या हातून चार माणसं बरी झाली पाहिजेत. आता लीड्सला मेडिसिनला लागला बघ. रचनाने नकाशे भिंतीवरून काढले नाहीत, पण फॉर्म मेडिसिनचा भरला. लीड्सचा.

सम्यकशी तिचं बोलणं मात्र एकदाही झालं नाही. फोन आला की तो नेमका लायब्ररीत असायचा, नाहीतर आंघोळीला.

पहिल्या टर्मच्या तिसऱ्या रविवारी ती बसने शांतामावशीकडे गेली. लाल विटांच्या घरांची लांबच लांब रांग, त्यातलं शेवटून दुसरं. दारात शांताबाई उभ्याच होत्या. बुटक्या, केस घट्ट बांधलेले, अंगावर किचनचा निळा ट्यूनिक.

"आली का वं पोरी! आत्ताच गेला नं तो. दोन मिनटं आधी आली असती तर भेटला असता."

टेबलावर चहाचा एक कप होता, तळाशी घोटभर चहा आणि त्यातून अजून वाफ येत होती. रचनाने पाटोडीचा रस्सा दोनदा घेतला. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, शेजारी कानटोपीवाल्या सम्यकचा. त्यानंतरचा एकही नाही. दाराशी काळे बूट होते, चकचकीत पॉलिश केलेले. निघताना आपले बूट घालायला ती वाकली, तेव्हा त्यांतला एक कलंडला. तळव्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं.

पुढच्या दोन खेपांनाही तेच झालं. आत्ताच गेला. कप गरम, खुर्ची मागे सरकवलेली. रचनाला वाटलं, आपल्याला टाळतोय. आयुष्यभर कुणाच्या तरी मागे मागे आलेल्या मुलीला भेटायला कोण उत्सुक असणार?

नोव्हेंबरमध्ये कॅन्टीनच्या रांगेत तिची मिहीरशी ओळख झाली. तो दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सम्यकच्याच वर्गात. तिने सहज विचारलं. मिहीरने आडनाव विचारलं, मग फोनवर वर्गाची यादी उघडून तिच्यापुढे धरली. सम्यक नावाचा कुणी नव्हता. त्याच्या वरच्या वर्षातही नव्हता. तू दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिटीचं ऐकलं असशील, मिहीर म्हणाला, आणि ट्रे घेऊन पुढे गेला. रचना तिथेच उभी राहिली. मागच्या मुलीने "सॉरी" म्हणून तिला बाजूला केलं.

बुधवारी दुपारी लेक्चर नसायचं. त्या बुधवारी ती न कळवता गेली. शांताबाई इस्त्री करत होत्या. पांढरे शर्ट, मोठ्या माणसाचे, पाच-सहा. त्यांनी दार उघडलं, रचनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"समजलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "चल वर."

वरची खोली स्वच्छ होती, आणि इतकी गार की कुणी तिथे झोपत नसणार हे अंगालाच कळत होतं. टेबलावर केमिस्ट्रीची पुस्तकं होती, रचनाकडे होती तीच, त्याच आवृत्तीची. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि 'स'. घरोघरी असतात तशा. रचनाची नजर खालून वर गेली. सहा वर्षं, नऊ, बारा, सोळा. त्याच्यावर सतरा. त्याच्या थोडं वर अठरा, मग एकोणीस. सर्वांत वरची रेघ तीन महिन्यांपूर्वीची होती.

"म्हणजे तो येतो इथे?"

"नाही," शांताबाई म्हणाल्या. "सोळाव्या वर्षी घर सोडून गेला तो. पण पोरं वाढतात नं."

मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. भाजी निवडत बोलावं तसा त्यांचा सूर होता. सम्यकला अभ्यास जमत नव्हता. तो बसच्या इंजिनांत, सायकलींत रमायचा. शांताबाईंना ते बघवत नव्हतं. नवरा गेलेला, हाती एवढा एकच मुलगा, आणि फोनवर दर रविवारी भगवानच्या मुलीच्या गोष्टी. रचना असं वाचते, रचनाला वरचा सेट मिळाला. फोन ठेवला की त्या सम्यकसमोर बसायच्या आणि रचना सांगायच्या. जेवताना रचना, शाळेत जाताना रचना. आणि तिकडे एजवेअरला, लाज राखायला, थोडं थोडं वाढवून सम्यक सांगायच्या.

रचना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ज्याच्या मागे चालत होती, तो तिकडे तिच्याच नावाखाली दबत होता.

जीसीएसईचा, म्हणजे तिथल्या दहावीचा, निकाल लागला त्या दिवशी सम्यकने बॅग भरली. पोलिसांनी दोन वर्षं शोधलं. तो अठरा वर्षांचा झाल्यावर एक पोलीस बाई घरी आल्या, समोर बसल्या, आणि म्हणाल्या की तुमचा मुलगा सापडलाय, सुखरूप आहे, पण आईला पत्ता देऊ नका असं त्याने सांगितलंय. मोठा माणूस आहे, आम्हाला तसं करता येत नाही.

"सुखरूप आहे म्हणे," शांताबाई म्हणाल्या. "मग काही तरी करूनच राहिला असन नं तो? बसून तर नसन राहिला. म्हणून मी सांगायची, हे करून राहिला, ते करून राहिला."

काय सांगायचं ते त्यांना सुचत नसे. ते एजवेअरहूनच यायचं. आई बोलता बोलता म्हणायची, रचनाने डॉक्टर व्हावं असं आमच्या मनात आहे. पुढच्या रविवारी सम्यक मेडिसिनला लागायचा. आई म्हणायची, पोरीच्या डोक्यात नकाशे आलेत. सम्यकच्याही डोक्यात येऊन गेलेले असायचे. रचनाच्या पुढे एक वर्ष जो चालत होता, तो तिच्याच घरातल्या बोलण्यातून उभा राहिला होता.

"जाताना काही बोलला का तो?" तिने विचारलं. विचारायला नको होतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

शांताबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होतं ते समाधान, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"म्हणाला, तुले रचनाच पाहिजे नं? मग तिलेच आण घरी." त्यांनी पलंगावरची चादर हाताने सारखी केली. "आणि बघ, आलीस."

बाहेर चार वाजले नव्हते, पण उजेड जायला लागला होता. शांताबाई उठल्या. हॉस्टेलमध्ये कायले राहते, म्हणाल्या, खोली तयार आहे, हीटर लावला की गरम होते. बोलता बोलता त्यांनी रचनाच्या खांद्याला धरून तिला चौकटीशी उभं केलं. रचना उभी राहिली. का उभी राहिली, ते तिला कधीच सांगता आलं नाही. मोठ्या माणसाने सांगितलं की ऐकायचं, एवढंच अंगात भिनलेलं असेल. डोक्यावर आडवं काहीतरी टेकलं, आणि कानाच्या वर लाकडावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. ती बाजूला झाली आणि वळून पाहिलं. नव्या रेघेपुढे आजची तारीख होती, आणि त्यापुढे शांताबाई 'स' लिहीत होत्या.

रचना कोट न घेता घराबाहेर पडली. दोन बस स्टॉप ती चालत गेली, मग पळत.

ख्रिसमसच्या सुट्टीत तिने घरी सगळं सांगितलं. आईने लाटणं खाली ठेवलं. मी इथून काय काय सांगत होते त्यांना, एवढंच ती पुटपुटली, आणि त्यानंतर रविवारचा फोन तिने कधी स्पीकरवर टाकला नाही. भगवान रचनाला घेऊन कालव्याच्या कडेने फिरायला गेले. मग म्हणाले, "मी ज्याला बघून शिकलो, तो खरा होता. पण त्याला मी कधी विचारलं नाही, की तुला हे हवं होतं का." मेडिसिन सोडायचं असेल तर सोड, मी आहे, असंही ते म्हणाले.

तिने सोडलं नाही. सोडायचं ठरवून दोनदा ईमेल लिहिला आणि दोनदा पुसला. हे आपलं नाही म्हणावं, तर मग आपलं कोणतं, तेही आता तिला ठरवता येईना. नकाशेसुद्धा खरंच आवडायचे का, याची तिला शंका यायला लागली. दुसऱ्या वर्षी ती नापास झाली आणि ते वर्ष तिने पुन्हा केलं. त्याच वर्षी हिवाळ्यात वॉर्डमध्ये एका म्हाताऱ्या माणसाने, नर्स रक्त काढत असताना, रचनाचा हात धरला आणि सुई निघेपर्यंत सोडला नाही. त्या संध्याकाळी हॉस्टेलवर परतताना तिच्या लक्षात आलं, की आज दिवसभर कुणी एक वर्ष पुढे चालत नव्हतं. वाट कुणीही आखलेली असो, एवढं चालल्यावर पाय आपलेच दुखतात, असं तिने आईला फोनवर सांगितलं.

हरवलेल्या माणसांना निरोप पोचवणारी एक संस्था आहे. तिच्यामार्फत रचनाने सम्यकला चिठ्ठी पाठवली. 'मी रचना. ती रचना. मला माफ कर म्हणणार नाही, कारण आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं.' चिठ्ठी पोचल्याचं संस्थेने कळवलं. उत्तर आलं नाही.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे, लीड्सपासून तासाभराच्या अंतरावर एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. महिन्यातून एकदा शांतामावशीकडे जाते, जेवते, पण वर जात नाही. माणूस एकटं आहे, टाकून कसं देणार.

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला लीड्सच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ती गेली होती. शांताबाई खिरीच्या पातेल्यापाशी वाढायला होत्या. वंदना झाली, भाषणं झाली, आणि ती प्लेट घेऊन खिडकीशी उभी असताना पंधराएक वर्षांची एक मुलगी जवळ आली. गेल्याच वर्षी पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली, नाव तनू. तिने रचनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एखाद्या परीक्षेच्या पेपरकडे बघावं तसं.

"तुम्हीच रचनाताई?"

हो म्हटल्यावर तनू बोलत सुटली. शांताआजी दर रविवारी आईला फोन करतात. तुम्हाला सगळ्या विषयांत नाइन, सगळ्यात वरची ग्रेड, होती ना? तुम्ही कधी टीव्ही बघितलाच नाही ना? मेडिकलला पहिल्या आलात, मेडल मिळालं. तुम्ही रोज पहाटे चारला उठायचात ना? एकेक वाक्य ती पाठ केल्यासारखी म्हणत होती, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिचे खांदे थोडे खाली येत होते.

यातलं काहीच घडलं नव्हतं. रचनाने हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. शांताबाई डाव हातात धरून इकडेच बघत होत्या. त्यांनी मान डोलावली, हसल्या.

रचनाने प्लेट खिडकीत ठेवली, दोन खुर्च्या ओढल्या आणि तनूला बसवलं.

"मी दुसऱ्या वर्षी नापास झाले," ती म्हणाली. "मेडल कुठलंच नाही. टीव्ही खूप बघते. सकाळी मला उठवायला दोन अलार्म लागतात."

तनूचा विश्वास बसेना. आजी खोटं कशाला बोलतील, म्हणाली. रचना म्हणाली की ती मोठी गोष्ट आहे, तुझ्या आईसमोर बसून एकदा नीट सांगेन, आजच सांगेन. आणि मग तिने विचारलं, तुला काय आवडतं? तनू गडबडली. तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा, किंवा उत्तर देण्याची सवय गेली असावी. ती म्हणाली, माहीत नाही.

"चालेल," रचना म्हणाली. "मलाही बरेच दिवस माहीत नव्हतं. अजूनही काही दिवस नसतं."

तनूने खिरीत चमचा फिरवला. तिची आई दारातून हाक मारत होती, पण ती लगेच उठली नाही.