हावरिलुक बाईंची खिडकी

दूर उत्तरेच्या थंड मुलखातल्या लोन विलो गावच्या शाळेत चार नंबरच्या खोलीला कुणी चार नंबर म्हणत नसे. ती हावरिलुक बाईंची खिडकी होती. भिंतभर रुंद, दक्षिणेकडे तोंड करून बसलेली. लुबा हावरिलुक सव्वीस वर्षं त्या खिडकीपाशी सहावीला विज्ञान शिकवत होत्या, आणि सव्वीस वर्षं त्यांच्या पहिल्या तासाचं पहिलं वाक्य एकच होतं, "पुस्तक मिटा. आधी हात चालू देत."

जानेवारीत मुलं शाळेत यायची ती अंधारातच. पाठीवर दप्तर, भुवयांवर दव गोठलेलं. नऊ वाजून गेल्यावर सूर्य गव्हाच्या कोठारामागून कसाबसा वर यायचा आणि पहिल्यांदा या खिडकीत यायचा. मग ज्याची पाळी असेल ते मूल फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, 'सूर्य : हजर'. कधी कधी आठवडाभर 'गैरहजर'च असायचं. मग बाईसुद्धा जरा गप्प गप्प असायच्या. पण हजर असला की कपाटातून डबा निघे. डब्यात सोलरच्या निळसर चकत्या, बिस्किटाएवढ्या. चार चकत्या वायरने एकीला एक जोडायच्या, पुढे कागदी पात्यांचा एक छोटा पंखा. एकाच चकतीवर हातमोजा ठेवला तरी पंखा थांबे.

"एकीवरच तर ठेवला, बाई! बाकीच्या तिघी काय करतायत?"

"चौघी हात धरून उभ्या आहेत. एकीने हात सोडला की फेर मोडला."

ही खिडकी आता जाणार होती. शिक्षण मंडळाच्या मेल्विन टॉर्गर्सनला छपाईच्या यंत्रासाठी आणि कागदाच्या गठ्ठ्यांसाठी मोठी खोली हवी होती. मेल्विन एकेकाळी याच शाळेत लुबाच्या मागच्या बाकावर बसून तिची वेणी ओढायचा. आता वेणी राहिली नव्हती, खोड राहिली होती.

"यंत्राला खिडकी कशाला लागते रे?" बाईंनी विचारलं होतं.

"आणि तुला तरी कशाला? जानेवारीचं ऊन म्हणजे नुसतं बघायला. त्याच्यावर पंखा फिरवून दाखव, खोली तुझी. नाही फिरला तर यंत्राची."

"शुक्रवारी ये. आणि कानटोपी घालून ये."

"वर्गात कशाला कानटोपी?" मेल्विन हसला होता.

गुरुवारी पंखा असा फिरला की मुलांनी त्याच्यासमोर आपल्या वह्यांची पानं फडफडवून घेतली. बाई निश्चिंत झोपल्या.

शुक्रवारी पारा शून्याखाली एकतीस होता आणि आकाश घासल्यासारखं स्वच्छ. त्या मुलखात थंडी आणि ऊन हातात हात घालून येतात. मेल्विन कोट-टोपी ऑफिसात टांगून आला आणि मुलांच्या खुर्चीत बसला. गुडघे हनुवटीला टेकले. ब्रिन फेहर नावाच्या मुलीने चकत्यांची फळी टेबलावर उभी केली, वायरी जोडल्या.

पंख्याने एक हुंकार दिला आणि तो बसला.

"त्यालाही कळलं, जानेवारी आहे," मेल्विन म्हणाला.

बाईंनी वायरी तपासल्या. कुणाचा हातमोजा आड नाही ना, पाहिलं. मीटर लावला. एक पॉइंट आठ व्होल्ट. काल याच वेळी दोनच्या वर होता. सव्वीस वर्षांची खिडकी त्यांना डोळ्यांसमोर कागदाच्या गठ्ठ्यांनी बुजताना दिसली. मग त्यांचं बोट सहज चकतीला लागलं आणि त्यांनी चटकन मागे घेतलं.

"अगं, ही इतकी तापली कशी?"



"मी ठेवल्या होत्या," ब्रिन हळूच म्हणाली. "हीटरवर. सकाळी आल्यापासून."

"का गं?"

"सुरू कशा होणार नाहीतर? आमचे डॅडी म्हणतात, थंड इंजिनाला छळू नये. ट्रकला रात्रभर वायर लावतोच ना आपण?"

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मेल्विननेही डोलावली. "पोरगी बरोबर बोलतेय."

आणि बाईंना हसू फुटलं. लोन विलोत रात्री गाडी गोठ्यातल्या गाईसारखी बांधावी लागते; पुढून लोंबणारी वायर भिंतीतल्या विजेला लावायची, म्हणजे इंजिन रात्रभर उबेला राहतं. गावात 'शुभ रात्री' कुणी म्हणत नाही, 'वायर लावलीस का?' असंच विचारतात. त्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः ती वायर काढूनच गाडी बाहेर आणली होती. इथे जन्मलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

"ब्रिन, यांच्यात इंजिन नाही. यांना उजेड लागतो, ऊब नाही. तापल्या की आळसावतात."

"बहाणे!" मेल्विन म्हणाला.

"बघूच. मुलांनो, कोट चढवा."

ऑक्टोबरपासून न उघडलेल्या खिडकीच्या चौकटीवर बाईंनी मुठीने तीन दणके दिले. बर्फाचा चुरा खाली पडला आणि खिडकी उघडली. ब्रिनने फळी बाहेर, सूर्यासमोर धरली आणि मीटर वाचायला लागली.

"एक पॉइंट नऊ... दोन... दोन पॉइंट दोन... बाई, चढतंय अजून!"

टेबलावरचा पंखा थरथरला, अडखळला आणि मग भिंगरीसारखा सुटला. त्याचं तोंड नेमकं मेल्विनकडे होतं. खिडकीतून आलेली शून्याखाली एकतीसची हवा तो मनापासून त्याच्या तोंडावर घालत होता. वर्ग टाळ्या पिटत होता. हातमोज्यांच्या टाळ्या, धप धप धप.

"अर्थात, दोन गोष्टी एकदम बदलल्या," बाई शांतपणे सांगू लागल्या. "चकत्या गार झाल्या आणि मधली काचही गेली. शिवाय बर्फाने खालून उजेड उसळवला तो वेगळाच. कशाने किती फरक पडला, ते सोमवारी एकेक करून..."

"लुबा, खिडकी!"

"एकेक करून मोजू. मेल्विन, तुला काय वाटतं, आणखी दहा मिनिटं..."

"खोली तुझी!" मेल्विन दोन्ही हातांनी कान झाकून ओरडला. "तुझी, बाई, तुझी! पण आधी ती खिडकी लाव!"

चाळीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा बाई म्हटलं होतं. बाईंनी खिडकी लावली, पण जरा सावकाश.

फळ्यावर लिहायची पाळी त्या दिवशी ब्रिनची होती. सकाळच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. तिने खडू उचलला, 'सूर्य : हजर' लिहिलं, वळून मेल्विनच्या लालबुंद कानांकडे पाहिलं आणि खाली आणखी एक ओळ घातली.

'टॉर्गर्सन साहेब : हजर, पण वायर लावलेली नव्हती.'