पालथी पडून काढलेला आठवडा

ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीची तालीम चालली होती. चर्चच्या अंगणात पोरं शिंदीच्या झावळ्या घेऊन रांगेत उभी, आणि मी एका हातात घंटी, दुसऱ्या हातात फोन घेऊन त्यांच्यावर ओरडत होते. मध्येच उजव्या डोळ्यापुढे पदर आला. मी तो मागे सारला. पुन्हा आला, पुन्हा सारला. शेवटी पुढे उभी असलेली एक पोरगी म्हणाली, "बाई, डोळ्यात काय गेलं व्हय?" तेव्हा खाली पाहिलं, तर पदर चांगला कमरेला खोचलेला होता.

माझे यजमान चर्चचे पाळक. पारनेर तालुक्यातल्या तीन गावांच्या ख्रिस्ती मंडळ्या त्यांच्याकडे, आणि कागदावर नसल्या तरी माझ्याकडेही. पोरांची रविवारची शब्बाथशाळा, महिला मंडळ, बुधवारची घरसभा, कुणाचं आजारपण, कुणाची सोयरीक, सगळीकडे मी हजर. हे चिडवायचे, "तुला देवानं न्यायला माणूस पाठवला तरी म्हणशील, बुधवारनंतर या." मी म्हणायचे, मग करील कोण? आणि मला माझंच खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, डोळ्याच्या आतला पडदा सरकलाय. लगेच ऑपरेशन करायला हवं." माझा डावा डोळा लहानपणापासूनच अधू. समोर माणूस आहे एवढं त्याला कळतं, कोण ते कळत नाही. म्हणजे माझं वाचणं, शिकवणं, माणसं ओळखणं सगळं या उजव्याच्या जिवावर. तो राहतो की जातो, हाच आता प्रश्न होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "आत गॅसचा फुगा सोडलाय. फुगा वर जातो. तुम्ही पालथ्या राहिलात तरच तो पडद्याला दाबून धरील. जेवताना, चालताना, झोपताना, मान खालीच. आठवडाभर तुमचं काम एवढंच."

"बाकी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही. तेच तर अवघड आहे."

माझी दृष्टी एका वाऱ्याच्या फुग्यावर टेकली होती. ते ऐकून मला देवाची आठवण यायला हवी होती. मला आठवला तोंडावर आलेला पवित्र आठवडा आणि त्यातली कामं.

घरी पलंगाच्या कडेला गोधडीची गुंडाळी करून तिच्यावर कपाळ टेकलं आणि खाली स्टुलावर फोन ठेवायला लावला. नंबर लावून द्यायला हे होतेच. तशी पालथी पडून मी कारभार हाकायला लागले. गाणी कोणती, फुलं कोण आणणार, प्रभुभोजनाची भांडी घासली का. पलंगाखालून आवाज आल्यासारखा माझा आवाज येतो, अशी तक्रारही गायकमंडळीकडून आली. डोळा ठणकत होता आणि मनात एकच धास्ती होती, की आता हा उघडला तर काय दिसेल. ती धास्ती दाबायला मी आणखी फोन करायचे.

भेटायला येणाऱ्यांचे पाय तेवढे मला दिसायचे, तेही अंधूक. महिला मंडळातल्या एक मावशी रोज दुपारी खुरपणीवरून परस्पर यायच्या. पायाला माती, आवाज घोगरा. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीने सलाम करायच्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून प्रार्थना करायच्या, "देवा, आमची बाई लई पळती. तू तिला धर." इतकी वर्षं आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवणारी मी. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला की मला कसंसंच व्हायचं. त्या गेल्या की मी लगेच फोन मागायचे.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आला. बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सातवा उद्गार, ज्यात प्रभू आपला जीव बापाच्या हाती सोपवतो, तो कैक वर्षं माझ्याकडे. चर्च घराला लागूनच, त्यामुळे खिडकीतून माईकवरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. घरात कुणी नव्हतं. सहा जण बोलून झाले, गीत झालं. आता सातवा. माईकची घरघर ऐकू आली, आणि पुढे काहीच नाही.

मी वाट पाहिली. कुणी खोकलं. कुणीच बोलेना. माझ्या जागी कुणाला सांगितलंच नाही की काय? इतक्या गोष्टी मी फोनवर ठरवल्या आणि नेमकी हीच राहिली! खिडकी हाकेच्या अंतरावर. तिच्यापाशी उभं राहून मोठ्याने बोलले असते तरी आत ऐकू गेलं असतं. मी कोपरांवर जोर दिला, छाती उचलली. मान वर यायला चार बोटं उरली असतील.

तिथेच मी थांबले. आत, माझ्या डोळ्यात, कुणीतरी काम करत होतं. मला न दिसता, न विचारता, घटकेघटकेला ते चालू होतं. मी मदतीला उठले तर ते बिघडणार होतं. पडून राहिले तर जुळणार होतं. मी हळूच कपाळ गोधडीवर टेकवलं आणि हातपाय सैल सोडले.

चर्चमध्ये अजून शांतताच होती. रस्त्यावरून टेम्पो गेला, कडुनिंबावर चिमण्या भांडल्या, आणि लेकराबाळांनी भरलेलं चर्च गप्प बसून राहिलं. असं कधी झालं नव्हतं, मी होऊच दिलं नव्हतं. त्या शांततेत मला कुणीतरी खालून तोलून धरलंय असं वाटलं, विहिरीत पोहायला शिकताना वडील पोटाखाली हात धरायचे तसं. डोळ्याची धास्ती कुठे गेली कळलं नाही. डोळा गेला तरी हा हात राहील, हे मला कुणी न सांगता कळलं. हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या खाटेशी बसून किती वेळा बोलले असेन! ते खरं आहे हे पाहून मी थक्क झाले.

संध्याकाळी यांना विचारलं, "शेवटी सगळे गप्प का बसले होते?"

"अगं, तुझ्या जागी कुणाला सांगायचं तेच विसरलो," हे म्हणाले. "उभा राहिलो, काही सुचेना. मग म्हटलं, बसून राहू."

मी इतकी हसले की पलंग हलला. "हलू नकोस!" म्हणून हे ओरडले. त्या रात्री फोन मी त्यांच्याकडे दिला तो दिलाच.

आठवडा संपल्यावर बसायची परवानगी मिळाली. सकाळी अंगणात खुर्ची टाकून मी डोळा उघडला. सगळं पाण्याखाली बुडालेलं, आणि अगदी वर, एक लखलखीत पट्टी. त्या पट्टीत नुसतं आभाळ होतं. मान हलली की पाण्याची रेघ गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्यासारखी डुलायची. फुगा विरेल तशी रोज रेघ थोडी खाली जाई आणि वरचं जग वाढे. आभाळानंतर डोंगरावरच्या पवनचक्क्यांची पाती आली, मग डोंगर, मग कडुनिंबाचा शेंडा. जगाची उत्पत्ती झाली तेव्हा पाहायला कुणी नव्हतं. मला ती खुर्चीत बसून पाहायला मिळत होती, आणि मला रडू येत होतं.

तपासणीला पुन्हा नगरला गेलो. "पडदा चिकटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हमी कुणी देऊ शकत नाही. पुन्हा सुटूही शकतो. जपायचं." मी त्यांचे आभार मानले आणि आम्ही स्टँडवर येऊन एसटीत बसलो.

"आता कुठपर्यंत दिसतंय?" यांनी विचारलं.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. पांढरे केस दिसले, कपाळ दिसलं. केस इतके कधी पिकले? "तुमच्या भुवयांपर्यंत," मी म्हटलं. "खाली अजून पाणीच आहे."

कपाळ हलायला लागलं. हसतायत की काय, कळेना. मी हात पुढे करून गालाला लावला, तर गाल ओला होता. तीन गावं, उपासना, माझं जेवणखाण, आणि वर ही भीती, सगळं हा माणूस एकटा वाहत होता आणि मला ओरडून सांगत होता, हलू नकोस.

मी हात तिथेच राहू दिला. गाडी सुटली. वाटेतलं सुपा येईपर्यंत मी कुणाशी काही बोलले नाही, देवाशीही नाही. काहीही न मागता इतका वेळ मी त्याच्यापुढे कधीच बसले नव्हते.