हाक-सन मामाची वकिली

माझ्या आईनं मामाला कालवं फोडून वकील केलं. थोंगयोंग बंदरावरच्या शेडमध्ये हिवाळाभर उभी राहून ती सुरीनं शिंपा उघडायची, आणि हाक-सन मामा सोलमधल्या कोंदट खोलीत कायद्याची पुस्तकं घोकायचा. दोनदा नापास झाला. पास झाल्याचा फोन आला तेव्हा आईनं ओले रबरी हातमोजे न काढताच तो कानाला लावला, असं बाबा सांगतात. आजी-आजोबा लवकर गेलेले. मामाची आई म्हणजे तीच.

आधी तो सरकारी वकील झाला. बँका बुडवणारे, कंपन्या गिळणारे, अशांना पकडायचा. आई मासळीबाजारात भाव करतानासुद्धा मध्येच भावाचं नाव घ्यायची. मग अचानक त्यानं नोकरी सोडली, सोलच्या सोचो भागात कोर्टासमोर स्वतःचं ऑफिस थाटलं आणि त्याच लोकांचा बचाव करू लागला.

"काल चोर पकडत होतास, आज त्यांचे जोडे सांभाळतोस," आई म्हणायची.

"ताई, पकडून आणलेला प्रत्येक जण चोर नसतो. मीच आणायचो ना पकडून, मला विचार."

त्याचं कामातलं नाव चांगलं होतं. चौकशीला जायच्या आधी तो अशिलाला समोर बसवून गरम भात आणि रस्सा खायला लावायचा. उपाशी माणूस काहीही कबूल करतो, म्हणायचा. आणि अशिलानं सांगितलेलं त्याच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही. सणाला घरी आला की आम्ही खोदून खोदून विचारायचो, तेव्हा तो नुसता मुळ्याचं लोणचं चावत बसायचा.

आमच्या गोजे बेटावर जहाजांचा मोठा कारखाना होता. बाबा तिथे वेल्डर. गावातल्या निम्म्या घरांनी आपली पुंजी कारखान्याच्याच शेअरमध्ये घातली होती, आमच्याही. मग एका शरदात कळलं की कित्येक वर्षं तोटा लपवून खोटा नफा दाखवला जात होता. शेअर कवडीमोल झाले, बाबांची नोकरी गेली. आणि अटक झाली ती हिशेब विभागाचा प्रमुख गिल यून-ते याला.

यून-ते हा मामाचा शाळेतला जिवलग. लहानपणी आमच्या आईच्या हातचं खाऊनच वाढलेला. आईला तो ताई म्हणायचा. आईला वाटलं, मामा आता कामगारांच्या बाजूनं उभा राहील. ती मला घेऊन सोलला गेली. मामानं खाली मान घालून सांगितलं, "ताई, यून-तेचं वकीलपत्र मी घेतलंय."

आई खुर्चीत बसलीच नाही. "आमच्या ताटात माती कालवली त्यानं. आणि तू त्याला वाचवणार?"

"मला घ्यावंच लागलं."

"बरं. मग एवढंच सांग. त्यानंच केलं ना हे?"

मामा टेबलावरची फाईल बंद करू लागला.

"नाही म्हण एकदा. खोटं का होईना, नाही म्हण. मी निमूट घरी जाते."

"ताई, त्याच्याबद्दल मला काही बोलता येत नाही."

"माझ्याशीसुद्धा?"

"कोणाशीच."

खटल्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या गावातून बस भरून माणसं गेली. यून-ते उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "सगळं मी एकट्यानं केलं. वरच्या साहेबांना काही माहीत नव्हतं." मागून कोणीतरी शिवी हासडली. न्यायाधीशांनी मामाकडे पाहिलं. बोलण्यात कधी न अडखळणारा माझा मामा टेबलाची कड धरून कितीतरी वेळ नुसता उभा होता. मग एवढंच म्हणाला, "माझ्या अशिलाच्या घरी आजारी मुलगी आहे. शिक्षा देताना तिचा विचार व्हावा." आणि खाली बसला.

यून-ते तुरुंगात गेला. बाहेर व्हरांड्यात आई मामासमोर जाऊन उभी राहिली. "आजपासून मला भाऊ नाही."

तिनं बोललेलं पाळलं. चुसॉकच्या सणाला मामा यायचा, दारात उभा राहायचा. आई आतून कडी लावायची. बाबा मागच्या दारानं बाहेर पडून त्याच्याबरोबर धक्क्यावर एखादा पेला सोजू घ्यायचे. बाबांनाही तो काही सांगायचा नाही. हवापाण्याच्या गप्पा मारून तो शेवटच्या बसनं परत जायचा.

आईला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मी त्याला कळवलं. तो त्याच दिवशी आला. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तो पायथ्याशी बसला आणि पांघरुणावरून तिचे पाय चेपू लागला.

"वकील आहेस ना रे?" ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "जगासाठी एवढं बोलतोस. माझ्यासाठी एक वाक्य बोल."

मामा खाली मान घालून पाय चेपत राहिला. आईनं पाय आखडून घेतले.

चेरीची झाडं फुलली होती तेव्हा ती गेली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या दुखवट्याच्या दालनात लोक येत होते, आईच्या फोटोला नमस्कार करून रीतीप्रमाणे जेवून जात होते, तेव्हा यून-ते आला. नुकताच सुटलेला, केस पांढरे, कोट अंगावर लोंबत होता. लोकांची कुजबूज थांबली. त्यानं आईच्या फोटोपुढे एकदा डोकं टेकलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि उठलाच नाही. जमिनीला कपाळ लावूनच बोलू लागला.

"ताई, आकडे वरून तयार होऊन यायचे. मी सही करायचो. भित्रा होतो, एवढा गुन्हा माझा. साहेब म्हणाले, सगळं अंगावर घे, पोरीच्या औषधपाण्याचं आम्ही बघतो. हाक-सननं माझ्यापुढे हात जोडले होते, खरं बोल म्हणून. मी त्याला शपथ घातली, मी जिवंत असेपर्यंत कुठे बोलायचं नाही. कारखाना विकला गेला, साहेब परदेशी गेले, शब्द कोणी पाळला नाही. पोरीचं सगळं यानंच केलं, ताई. ती जगली ती याच्यामुळे."

मामा दुखवट्याचा काळा सूट घालून कोपऱ्यात उभा होता. तो यून-तेजवळ गेला, त्याला काखेत धरून उठवलं आणि म्हणाला, "चल, दोन घास खा."

मला राहवलं नाही. मी त्याला बाहेर गाठलं. "तिला तरी सांगायचं होतंस, मामा! बहीण होती तुझी. मरत होती ती."

"ते गुपित त्याचं होतं गं. माझं असतं तर पहिल्याच दिवशी तिच्या पदरात टाकलं असतं."

"आणि तिचं काय?"

पार्किंगमधल्या गाड्यांवर पाकळ्या पडत होत्या, त्यांच्याकडे तो बघत राहिला. मग लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "शेवटी... शेवटच्या दिवसांत तिनं माझं नाव काढलं का गं?"

मला हो म्हणता आलं असतं. पण खोटं ओळखण्यातच त्याचं सगळं आयुष्य गेलेलं.

"नाही, मामा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि आलेल्यांना जेवण वाढायला आत गेला.