ताणावरचा शाळू

"पाणी कुणी दिलं?"

बाई हे अशा आवाजात विचारायच्या की कॉलेजात चोरी झाली असावी असं वाटायचं. आधी कुंडीपाशी उकिडवं बसायचं, तर्जनी दोन पेरं मातीत खुपसायची, बोट नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि मग मान वर करून हा प्रश्न. समोर शिपाई असो, प्राचार्य असोत, नाहीतर पहिल्या वर्षाची एखादी घाबरलेली मुलगी. गुन्हेगार बहुधा तिथंच उभा असायचा आणि आपण पुण्याचं काम केलं या समाधानात असायचा.

ही नव्वदच्या दशकातली बारामती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, बाई वनस्पतिशास्त्र. पाणी तुटलं की शाळूचं रोप, म्हणजे रब्बीची ज्वारी, स्वतःच्या आत काय काय करतं आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर कसं उठतं, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. त्यासाठी रोपांना मुद्दाम तहानेलं ठेवावं लागे. आता तुम्हीच सांगा, दोन्ही बाजूंनी ऊस, मधून कालवा, आणि या बाई तहानेवर अभ्यास करणार. स्टाफरूममध्ये त्यांची भरपूर थट्टा व्हायची आणि तीत मी मागं नव्हतो. मी लोणी भापकरचा. आमच्याकडं पाण्याची ओढाताण घराघरात, त्यामुळं मला तर हा शुद्ध छळ वाटायचा.

आपल्या लोकांचं एक आहे. माणूस दारात आला तर त्याला चहा विचारायला विसरतील, पण कोमेजलेलं रोप दिसलं आणि हातात तांब्या असला, तर हात आपोआप वाकडा होतो. प्यायलेल्या पेल्यातलं उरलेलं पाणीसुद्धा कोणी मोरीत टाकत नाही, तुळशीत नाहीतर गुलाबात ओततं. बाईंच्या कुंड्या जिन्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या आणि जिन्यानं सगळं कॉलेज जायचं. त्यांनी पाटी लावली, 'पाणी घालू नये'. शिपाई म्हणाला, "म्याडम, पाटी वाचली म्या. पर ती रोपं बगितली आन् राहवलं न्हाय."

"अरे, ती मरत नाहीत," बाई म्हणायच्या. "आवरून बसलीत."

हा त्यांचा आवडता शब्द. दुपारी शाळूची पानं सुरळी करून उभी राहिली की त्या मला हाताला धरून न्यायच्या आणि दाखवायच्या. "बघा. ऊन लागेल तेवढं अंग कमी केलं. पानावरची तोंडं मिटली. आहे तेवढ्यात भागवायचं ठरवलंय. याला तुम्ही मरणं म्हणता?" मी म्हणायचो, "बाई, मला तर ते मरायला टेकलेलं दिसतंय." त्यावर त्या माझ्याकडं अशा बघायच्या की मी पुन्हा पहिलीत बसावं.

एकदा स्नेहसंमेलनाला मोठे पाहुणे यायचे होते. प्राचार्यांनी आदल्या दिवशी बाईंना बोलावलं. "तेवढ्या कुंड्या मागच्या बाजूला घ्या. पाहुण्यांना दारात मेलेली झाडं दिसायला नकोत."

"मेलेली नाहीत सर. आवरून बसलीत."

"मग उद्याचा दिवस जरा पसरून बसू द्या."

कुंड्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. पाहुणे आले, थांबले, आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. झालं. बाईंनी त्यांना पार मुळापासून कणसापर्यंत नेलं. तिकडं मांडवात हारतुरे तिष्ठत राहिले, मुलींनी स्वागतगीत दोनदा सुरू करून थांबवलं. प्राचार्य पुढं आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत आणि बाईंनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

तहानेल्या पानात प्रोलीन नावाचं द्रव्य वाढतं. ते मोजायचं काम माझ्या प्रयोगशाळेत चालायचं. परीक्षानळीत लाल रंग उतरायचा. रंग जितका गडद तितकं प्रोलीन जास्त. पानं तोडल्याबरोबर बर्फात ठेवावी लागत आणि बर्फ मिळायचा रसवंतीत. रसवाला बाईंना लांबून ओळखायचा. "आल्या बर्फवाल्या बाई. अवो, कदी रसबी घ्या की." बाई थर्मास पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या उसानं आमच्या शाळवावर एवढे उपकार केले तरी पुष्कळ झालं." मग लूनावरून भरधाव माझ्याकडं. मला रागावायला पुष्कळ कारणं असायची, पण नळीत तो लाल रंग चढायला लागला की मीही सगळं विसरून बघत बसायचो.

कुंडीतलं कुंडीत. खरी परीक्षा रानात होती. निमगाव केतकीला बाईंच्या वडिलांची, तात्यांची, जमीन होती. कालव्याच्या चारीच्या शेपटाला असली तरी पाळीचं, म्हणजे वाटून दिलेल्या दिवशी सुटणारं, पाणी यायचं. त्यातला दोन गुंठ्यांचा वरचा तुकडा बाईंनी मागून घेतला. काही ओळी गावरान शाळवाच्या, काही नव्या सुधारित वाणांच्या. फुलोऱ्यापासून ठरलेल्या दिवसापर्यंत पाणी तोडायचं आणि मग एकदाच द्यायचं. दोन हंगाम सारखे निघाल्याशिवाय निष्कर्ष कुणी मानणार नव्हतं, आणि विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत संपायला हंगाम उरले होते तीनच.

पहिला हंगाम तात्यांनीच घालवला. पाळी आली तशी पहाटे उठून त्यांनी चारीचं तोंड फोडून दारं धरलं आणि लेकीच्या तुकड्यालाही पोटभर पाणी पाजलं. आम्ही सकाळच्या एसटीनं नमुने घ्यायला गेलो तर रान चिखल झालेलं, शाळू टवटवीत, आणि तात्या बांधावर तंबाखू मळत बसलेले.

"मीच दिलं," त्यांनी बाईंनी विचारायच्या आत सांगून टाकलं. "पाट भरून चाललाय आन् माझ्या रानात पीक माना टाकून हुबं. माझ्यानं बगवंना."

"तात्या, आख्खा हंगाम गेला माझा."

"तहान म्हंजी काय ती मला इचार की. त्याला कालिज कशाला पायजे?"

हे ते चिडून बोलले नव्हते. तात्या लहान असताना गावच्या आडावर त्यांच्या माणसांना हात लावायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा तो वरून ओतेल. भर उन्हात आईबरोबर तसं उभं राहिल्याचं तात्यांना आठवत होतं. पुढं धर्मांतर झालं, शिक्षण आलं, जमीन सुधारली आणि पाळीवर त्यांचं नाव लागलं. अशा माणसानं स्वतःच्या हातानं कुणाचं पाणी तोडायचं, झाडाचं का होईना, हे त्यांना जमणारं नव्हतं. मला वाटलं, आता बाई वाकणार. मी असतो तर वाकलो असतो.

बाई चप्पल काढून चिखलात उतरल्या आणि तात्यांच्या समोर उभ्या राहिल्या. "तहान तुमाला म्हाईत हाय तात्या. पर तहानंतनं काय उठून हुबं ऱ्हातंय, आन् कशाच्या जिवावर, त्ये कुनाला धड म्हाईत न्हाय. त्ये मला बगायचंय."

"आन् न्हाय उटलं तर?"

"तर न्हाय उटलं आसं लिवीन."

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "फुडल्या सालाला बगू."

पुढच्या साली तात्या त्या तुकड्याचे राखणदार झाले. आणि राखणदार कसले, पक्के हट्टी. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं भलेपणानं 'देऊ का' विचारलं तरी त्याला वाटेला लावायचे. शेजारच्या रानात त्यांचे धाकटे भाऊ आबा. एकदा त्यांनी नुसती चूळ भरली तर, "तिकडं थुक," म्हणून त्यांनाही हाकललं. जानेवारीत अवेळी ढग आले तेव्हा तात्या बांधावर उभे राहून आभाळाला शिव्या देत होते. पाऊस पडू नये म्हणून शिव्या देणारा शेतकरी इंदापूर तालुक्यात तोवर कुणी पाहिला नव्हता. म्हातारा लेकीच्या नादानं बिघडला, असं गावात झालं. तो हंगाम मात्र चांगला निघाला.

तिसऱ्या हंगामात, पाण्याचा ताण ऐन भरात असताना, तात्या गेले. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठलेच नाहीत.

जलदान विधीला मी गेलो होतो. अंगणात बुद्धाची मूर्ती, फुलं, मेणबत्त्या. भंतेजींनी वंदना घेतली. बाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. तांब्यातून पाण्याची धार भांड्यात पडत होती, भांडं भरून वाहिलं, आणि बाया हुंदके देत होत्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. नेमकी त्याच दिवशी पाळी आली होती. माणसं उठली तेव्हा चारी भरून वाहात असल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं.

आबा पुढं आले. "पोरी, तात्याच्या नावानं आज वरच्या तुकड्यालाबी पानी जाऊ दे. आज तरी आडवू नगं."

"आबा, खालच्या गव्हाला द्या. मक्याला द्या. त्या दोन गुंठ्याला न्हाय."

"बापाच्या जलदानाला बापाच्या रानात पानी न्हाय?" मागून एक म्हातारी बोलली. "मानूस हाय का दगूड?"

आणि कुणीतरी बाईंच्या होकाराची वाट बघितलीच नव्हती. आम्ही रानात पोचलो तोवर वरच्या तुकड्याचं दारं फोडलेलं होतं आणि पाण्याची जीभ पहिल्या ओळीकडं निघाली होती. बाईंनी खोरं उचललं. पांढऱ्या साडीचा ओचा खोवला, चारीत उतरल्या, आणि खोऱ्यानं चिखल ओढून दारं बंद करायला लागल्या. भावकी बांधावर उभी राहून बघत होती. मी उतरायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली. पाणी वळून खाली गव्हात गेलं, तेव्हा त्या खोऱ्यावर हात टेकून आबांना म्हणाल्या, "त्यांनी म्हैनाभर राखलंय त्ये. आज त्यांच्या माघारी त्यांचा सबूद मी मोडायचा व्हय?"

आबा तेवढे जागचे हलले नाहीत. बाकीची माणसं न जेवता पांगली. खरं सांगतो, मला त्या दिवशी बाईंचा राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटत होतं.

ठरलेल्या दिवशी पाणी सोडायला आबा आपणहून आले आणि दारं त्यांनी उघडलं. सुधारित वाणाच्या बऱ्याच ओळी काही उठल्या नाहीत. गावरान शाळवाची पानं दुसऱ्या सकाळी उलगडली. बाई ओळीतून फिरत होत्या, हातात थर्मास होता, आणि मधेच खाली बसून त्या रडायला लागल्या. "तात्यांनी बघायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाल्या. नमुने त्या दिवशी मी घेतले.

दशक सरता सरता बाई कोरडवाहू पिकांच्या कामावर दूर निघून गेल्या आणि आमचा संबंध तुटला. त्यांच्या जागी आलेले सर फार सज्जन आहेत आणि त्यांच्याशी माझं कधी भांडण होत नाही. मला हेच आवडत नाही.

त्या जाण्याआधी, बाईंच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला पुण्याला मी गेलो होतो. बरोबर यायचा हट्ट आबांनी धरला. धुतलेलं धोतर, टोपी, मागच्या बाकावर माझ्या शेजारी. सगळं इंग्रजीत चाललेलं, तरी आबा कान देऊन ऐकत होते. बाहेरगावचे परीक्षक जरा खवचट होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे शेत कालव्याच्या भागातलं. पाळी आली की कोणीही पाणी सोडणार. तुमच्या प्रयोगात पाण्यावर नियंत्रण कुणाचं होतं?"

बाईंना उत्तर शोधावं लागलं नाही. "माझ्या वडिलांचं," त्या म्हणाल्या.

परीक्षक पुढं काही ऐकायच्या तयारीत थांबले. बाईंचं उत्तर तेवढंच होतं. आबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनली पोरगी?"

मी हळूच सांगितलं, "पाणी तात्यांच्या हातात होतं, असं म्हणाल्या."

आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि समोर बघत म्हणाले, "व्हय. हुतंच की."