हातवाल्या बाई

आमच्या शाळेच्या मोबाईलमध्ये बाईंचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि एकातही बाईंचं तोंड नाही. श्रद्धांजलीच्या फलकासाठी सरपंचांनी फोटो मागितला तेव्हा मी अर्धा दिवस शोधत बसले. नुसते हात. भाकरीचे चार भाग करणारे हात, कपाशीचं बोंड उकलणारे हात, आणि मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात बाई कोणाशी तरी भांडून आल्यासारख्या दिसतात. मी फलकासमोर उभी राहिले, हात जोडले आणि मला मेलं काहीच वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. लिहिताना तरी वाटेल म्हणून बसले आहे.

सोनाळ्याहून आत, सातपुड्याच्या पायथ्याला आमची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. बाई मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखाली. कोरोनात शाळा बंद पडली आणि व्हिडिओ करून पाठवा असं वरून पत्र आलं. तालुक्यातले सगळे गुरुजी इस्त्रीचे शर्ट घालून फळ्यासमोर उभे राहिले. बाईंनी टेबलावर दोन रिकामे तेलाचे डबे ठेवले, त्यांवर दोन पट्ट्या आडव्या टाकल्या आणि पट्ट्यांवर मोबाईल कॅमेरा खाली करून ठेवला. खाली फक्त त्यांचे हात आणि ज्याबद्दल शिकवायचं ती वस्तू. मी म्हटलं, बाई, पोरांना तुम्ही दिसायला नको का? तर म्हणाल्या, "माह्या तोंडात काय शिकण्यासारखं आहे?"

त्यांचा प्रत्येक व्हिडिओ एकाच वाक्यानं सुरू व्हायचा: "माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यले? हाताकडे पाहा." तोंड तर दिसायचंच नाही, पण वर्गातली सवय, ती काही गेली नाही. पोरं घरोघर त्यांची नक्कल करायची. मोबाईल रिचार्जच्या दुकानातला पोऱ्या मेमरी कार्डात गाणी भरता भरता बाईंचे व्हिडिओही भरून द्यायचा. अशानं गावात त्यांचं नावच हातवाल्या बाई पडलं. बाईंना ते आवडायचं. तालुक्याच्या साहेबांनी एकदा पत्रात चुकून काहीतरी कौतुक लिहिलं होतं, त्याहून जास्त आवडायचं.

शाळा उघडल्यावर मला वाटलं, सुटलो. कसलं काय. वर्गणीतून टीव्ही आला आणि बाई व्हिडिओ वर्गात दाखवायला लागल्या. पण सरळ दाखवतील तर बाई कसल्या! संत्र्यावर सुरी ठेवली की लगेच व्हिडिओ थांबवायच्या. किती फोडी निघतील, पाटीवर लिहा. आमच्या पोरांच्या घरच्याच संत्र्याच्या बागा, त्यांची यावरून हमरीतुमरी व्हायची. सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय व्हिडिओ पुढे जायचा नाही. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला पाऊण तास. मी चिडायचे. कापूस वेचायला आईबापासोबत गेलेली पोरं आठवड्यानं परत आली की त्यांना तोच व्हिडिओ पुन्हा, पुन्हा तेच थांबणं. बाईंना त्याचा कंटाळा कधी आला नाही.

नवे व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकणंही चालूच होतं. मग तिथं तक्रारी सुरू झाल्या. व्हिडिओ हलते म्हणे. मोबाईल मी लावायचे, म्हणजे चूक माझीच. मी डब्यांमध्ये रेती भरली. पट्ट्या सुतळीनं बांधल्या. एका डब्याखाली घडी केलेलं पोतं सरकवलं. तरी व्हिडिओ हलतोच. एक दिवस भाकरीचा व्हिडिओ पुन्हा पाहत होते, तेव्हा लक्षात आलं की परात जागच्या जागी आहे, टेबलावरचा शाईचा डागही जागच्या जागी आहे. हलतात ते हात. मी बाईंकडे पाहिलं. त्या हजेरीपटावर वाकल्या होत्या.

मान वर न करता म्हणाल्या, "दिसलं काय तुले? मले वाटलं, रेतीचं अख्खं ट्रॅक्टर बोलावतेस का काय."

अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि चौथीच्या गणिताचे शेवटचे पाठ व्हायचे होते. बाईंना तेवढंच पुरं करायचं होतं. हात थरथरतात हे कळलं की साहेब म्हणतील, थकल्या तुम्ही, घरी बसा. आणि पोरं संत्रं सोडून थरथरच पाहतील. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, नवऱ्याचं होतं ते, आणि माझ्या हातात बांधलं. "आता हात तुह्ये, आवाज माहा. कोणाले सांगशील तर माह्या गळ्याची आन आहे तुले."

एकच अडचण होती. मी डावखुरी. लहानपणी आमच्या गावी, रोहिणखेडला, पाहुण्यांच्या हातून डाव्या हातानं काही घेतलं की आईचा धपाटा बसायचा, तेव्हापासून चारचौघांत उजवा हात पुढे करते, पण कामाला डावाच. बाईंनी मला उजव्या हातानं सुरी धरायला शिकवलं. शाळा सुटल्यावर रोज दोन संत्री. मी अंगठा कापून घेतला, त्यांनी हळद लावली आणि पुन्हा सुरी हातात दिली. आठ दिवसांत माझे हात त्यांच्यासारखे चालायला लागले.

एका व्हिडिओत तेवढी चूक राहिली. संत्रं टेबलावरून घरंगळलं आणि माझा डावा हात झपकन पुढे गेला. मी म्हटलं, पुन्हा करू. पण बाई हसत सुटल्या होत्या. "पळालं पाहा, पळालं!" त्यांचा तो हसण्याचा आवाज त्यात आला. म्हणाल्या, राहू दे, इतकं कोण पाहते.

हे सगळं चार महिने चाललं. शनिवारी शेवटचा पाठ झाला. घड्याळ माझ्याच मनगटावर राहिलं, सोमवारी देईन म्हटलं. सोमवारी सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं तर बाई उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या होत्या. निरोप आला तेव्हा मी परिपाठ घेत होते. मी परिपाठ पूर्ण केला, हजेरी घेतली, खिचडीसाठी तांदूळ मोजून दिले आणि मग त्यांच्या घरी गेले. बायका रडत होत्या. माझ्या डोळ्याला काही पाणी आलं नाही. एकीनं मला मुद्दाम जवळ घेतलं, तरी नाही.

तेराव्यानंतर मी घड्याळ द्यायला गेले. बाईंची मुलगी, वैशूताई, एकटीच घरात होती. पुण्याला नोकरीला असते. घड्याळ शाळेत राहिलं होतं, एवढंच मी म्हणाले. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि मोबाईलवर संत्र्याचा तो व्हिडिओ लावला. शाळेच्या ग्रुपमध्ये बाईंनी तिला कधीचं घेतलं होतं. आई हसते तेवढा हाच एक आहे, म्हणाली, दिवसातून दहा वेळा पाहते. मग व्हिडिओ थांबवून माझ्याकडे न बघता बोलत राहिली.

"आईचे फोन यायचे. हात कापतात, चार दिवस येऊन जा म्हणायची. मी हे व्हिडिओ पाहायचे. हात तर ठणठणीत! मला वाटलं, बोलवायचे बहाणे आहेत. म्हणून नाही आले."

बाईंनी तिला फोन केले होते, हे मला माहीत नव्हतं. मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी सतरंजीवर बसून राहिले. खरं सांगितलं तर ही पोर जन्मभर स्वतःला खात बसेल. नाही सांगितलं तर बाई खोटारड्या ठरतात, आणि तेही माझ्या हातांमुळे. गळ्याची आन घातली होती, पण तो गळाच आता राहिला नव्हता. डोकं अगदी सुन्न झालं होतं. वैशूताई उठली, चहा करून आणला आणि कप माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला.

डावा.

तिनं कप सोडलाच नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग कप खाली ठेवून तिनं व्हिडिओ मागे नेला. संत्रं घरंगळलं, हात झपकन आला, तिनं तिथंच थांबवलं.

"आई उजव्या हाताची होती," ती म्हणाली. "हे तुमचे हात आहेत."

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून."

तिनं मनातल्या मनात आईच्या फोनच्या तारखा जुळवल्या असाव्यात. मग बोलली तेव्हा पुण्याची बोली गळून पडली होती. "काऊन नाही सांगितलं मले कोणी?"

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आवाज?" ती म्हणाली. "आवाज तरी तिचाच आहे ना?"

"आवाज बाईंचाच आहे."

तिनं आवाज मोठा केला, मोबाईल आम्हा दोघींच्या मध्ये सतरंजीवर ठेवला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. टेबल दिसलं, शाईचा डाग दिसला, मनगटावरच्या घड्याळासकट माझे हात आले. आणि बाई म्हणाल्या, "माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यले? हाताकडे पाहा."