कपडेपट माझ्याकडे होता

कॉलेजात असताना मी नाटकात होते, असं सांगितलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात. "अरे वा! कुठलं काम केलंत?" काम नव्हतं, माझ्याकडे कपडेपट होता, असं म्हटलं की ते डोळे लगेच जागेवर येतात. मला त्याचा अजून राग येतो. या वयात रागाने काही होत नाही, पण येतो.

आम्ही लोणावळ्याला राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत मास्तर होते. मी आणि माझा धाकटा भाऊ रोज सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजात जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भाऊ अगदी लहान असताना ती अंथरुणाला खिळली आणि पुन्हा उठली नाही. त्यामुळे त्याला आठवायची ती निजलेली आई. चालतीबोलती आई फक्त मला आठवायची, आणि अण्णांना.

कॉलेजच्या गॅदरिंगचं नाटक आमचे एक प्राध्यापक बसवायचे. त्यांना आम्ही नुसतंच सर म्हणायचो. नाटक म्हणजे रंग लावून मिरवणाऱ्यांचा खेळ नव्हे, असं त्यांचं ठाम मत. कामं वाटायच्या आधी ते मागची माणसं ठरवायचे. प्रॉम्प्टर म्हणून त्यांनी एका सदा सर्दी झालेल्या मुलाला नेमलं होतं; तो ऐन प्रसंगी शिंकेल या धास्तीने नट मंडळी आपापली भाषणं चोख पाठ करायची. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळणारा खादाड होता. दुसऱ्या अंकातले लाडू पहिल्या अंकातच संपायचे, मग रिकाम्या ताटावर रुमाल टाकून ते आत जायचं. पडद्याच्या दोरीपाशी एक पैलवान गडी होता. मुलींच्या वाट्याला कपडेपट आणि चहा. सरांचा एक नियम मात्र सगळ्यांना सारखा होता. विंगेत उभं असताना तुम्हाला प्रेक्षक दिसला, तर प्रेक्षकालाही तुम्ही दिसता. लगेच मागे सरका. हा नियम मोडणाऱ्याला ते नाटकातून काढायचे.

त्या वर्षीच्या नाटकात एका आईचं काम होतं. मुलगा घर सोडून गेलाय, ती त्याची वाट बघते आहे, आणि एके दिवशी तो दारात येतो. आमच्याकडे बायकांची कामं मुलंच करायची. आदल्या वर्षीच्या नायिकेच्या गालावर शेवटच्या अंकात दाढीचे खुंट दिसू लागले होते आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या होत्या. सर त्याला कंटाळले होते. पहिल्या वाचनाला त्यांनी आईचं काम मला वाचायला दिलं. वाचून झालं. सर्दीवाल्यानेसुद्धा नाक ओढलं नाही. मग सर म्हणाले, "हे काम तुझं. घरी मी येऊन विचारतो."

मला ते काम हवं होतं. त्याआधी मी आयुष्यात काही इतकं मागितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

सर रविवारी आमच्याकडे आले. मी चहा केला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. सरांना आदराने आणखी चहा हवा का विचारलं. मग म्हणाले, "मुलगी शिकते आहे, तेवढं पुरे आहे. चार लोकांपुढे तिला उभी करायची नाही."

सरांनी पुष्कळ सांगून पाहिलं. अण्णा आवाज न चढवता नाही म्हणत राहिले. शेवटी सरांचं लक्ष कपबश्या उचलायला आलेल्या माझ्या भावाकडे गेलं. चण बारीक, मिसरूड अजून फुटलेली नाही. "मग याला देता का?" त्यांनी हताश होऊन विचारलं.

अण्णा मोठ्याने हसले. "ह्याला? न्या की!"

घरातल्या मुलाने लुगडं नेसून लोकांपुढे जावं, याला त्यांची हरकत नव्हती. लुगडं जिच्या रोजच्या अंगवळणी पडलेलं, तिने जाऊ नये, एवढंच. मी त्या दिवशी भाकरी अशा थापल्या की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी सरांनी मला कपडेपट दिला. बहुधा माझ्या समाधानासाठी दिला असावा.

कपडेपट म्हणजे नुसतं इस्त्री करणं नव्हे. घरोघरची लुगडी मागून आणायची, कुणाचं कुठलं ते ध्यानात ठेवायचं, डाग पडू द्यायचा नाही, केसांचं गंगावन विंचरून ठेवायचं, सुईदोरा आणि टाचण्या घेऊन विंगेत उभं राहायचं आणि पोशाख फाटला-सुटला तर नट आत आला की टाका घालून त्याला परत बाहेर ढकलायचं. आईच्या कामाला जुनं, मऊ लुगडं हवं होतं. मी आमच्याच ट्रंकेतलं काढलं. आईचं, हिरवट काठाचं. अण्णांनी ते माझ्या हातात पाहिलं.

भाऊ गुणी होता, पण लुगड्यात तो पळत सुटलेल्या माणसासारखा दिसायचा. त्याला मी गाडीत शिकवायची. डबा रिकामा असला की कमरेला चादर गुंडाळून तो या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चालायचा. एकदा कामशेतला टाकव्याची एक बाई भाजीची पाटी घेऊन डब्यात चढली. थोडा वेळ तिने टक लावून पाहिलं.

"आवं, ह्यो पोरगा आसा का चालतुया? पायाला लागलंय व्हय?"

"नाटक आहे, मावशी. त्यात तो बाई झालाय."

ती पदर तोंडाला लावून हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तू गं? तू तर बाईच हायेस की! तुला न्हाई व्हय घेतलं?"

भावाने चादर सोडली आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे कपडे आहेत. ती "बरं बरं" म्हणाली आणि तळेगावला उतरून गेली. तिला काय कल्पना, पण त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच परत आणला.

मी भावाला काय शिकवत होते, ते त्याला नीट कळत नव्हतं. मी त्याला आई शिकवत होते. अण्णा शाळेतून आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची ती पदराला हात पुसत. हात ओले असोत की कोरडे, पुसायचीच. दिवसभर बसून नव्हते, हे सांगायची ती तिची रीत असावी. मग दाराच्या चौकटीला एक हात लावून उभी राहायची, आणि अण्णांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या सदऱ्याच्या बटणाकडे बघून बोलायची. नाटकात मुलगा दारात येतो तेव्हा भावाने हेच करायचं होतं. "हात कोरडे असतील तर पुसायचे कशाला, ताई?" असं तो विचारायचा. मी म्हणायची, तू पूस.

पुण्याचा प्रयोग छान झाला. तिथल्या विंगा खोल होत्या, मी पार मागे अंधारात होते. मग अण्णांच्या शाळेच्या वाचनालयाच्या मदतीसाठी लोणावळ्याला एक प्रयोग ठरला. दुपारचा, म्हणजे पुण्याच्या मंडळींना संध्याकाळची गाडी मिळेल. हॉलमध्ये वीज नव्हती. खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला आणि बाजारातल्या मुसलमान दुकानदाराकडून गॅसबत्त्या आणल्या. लग्नकार्यात त्यांच्याच बत्त्या असायच्या. बत्त्यांना हवा मारायला ते स्वतः येऊन बसले होते. विंगा म्हणजे दोन बांबू आणि त्यांना बांधलेलं गोणपाट. मला टाके घालायला दिसेना, म्हणून त्यांनी एक बत्ती माझ्या पाठीशी आणून ठेवली.

"ताई, आता दिसंल चांगलं," ते म्हणाले. "सुई हरवली तरी सापडंल."

पडदा उघडला. गोणपाटाच्या फटीतून मला पहिल्या रांगेच्या टोकाला अण्णा दिसले. पोरांवर नजर ठेवायला ते नेहमी टोकाला बसत. छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरलेली, तिच्या मुठीवर हात. मला ते दिसत होते आणि मी मागे सरकले नाही. सरांचा नियम मला त्या वेळी आठवलाही नाही. मला एवढंच बघायचं होतं, की आई बाहेर येताना पाहून अण्णांचं काय होतं.

तो प्रवेश आला. मुलगा दारात उभा राहिला. माझा भाऊ आतून पदराला हात पुसत आला, चौकटीला हात लावला, बटणाकडे पाहिलं. हॉलमध्ये पाठीमागून कुणीतरी हुंदका दिला. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी होत्या त्या. "वयनी," एवढंच त्या मोठ्याने म्हणाल्या. आईला त्या वयनी म्हणायच्या. अण्णा हलले नाहीत. त्यांची मान थोडी वळलेली होती, छत्री तशीच होती. मला वाटलं, या माणसाच्या छातीत दगड आहे.

प्रयोग संपल्यावर ते मागे आले. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं केलंस हो." मग माझ्याकडे वळले. मी लुगडं हातात घेऊन उभी होते. "घडी नीट घाल," म्हणाले आणि खुर्च्या उचलायला गेले. मी घडी घातली. काठावर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून लुगडं लांब धरून घातली.

पुढच्या वर्षी सर पुन्हा आले. या वेळी अण्णांनी चहा यायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. मग माझं लग्न झालं. नवरा देहूरोडच्या डेपोत कारकून, माणूस चांगला. नाटकाची त्यांना आवड नव्हती. मीही कधी विषय काढला नाही. कपडेपट सांभाळायची सवय संसारात फार उपयोगी पडते.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अण्णांनी अंथरूण धरलं. भाऊ नोकरीसाठी लांब होता. मी मुलांना सासूबाईंपाशी ठेवून लोणावळ्याला जायची. बाहेर धुकं असायचं, आणि ते दिवसभर दाराकडे तोंड करून पडलेले असायचे. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून वाती वळत होते. मध्येच ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुला पाहिलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"शाळेत नाटक झालं तेव्हा. तू आत उभी राहून सगळं काम करत होतीस. हात पुसलेस, चौकट धरलीस. तो बाहेर करायच्या आधी तू आत करायचीस. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तुझंच नाटक पाहिलं."

माझ्या हातातली वात तशीच राहिली. मला ती पाठीशी ठेवलेली बत्ती आठवली, अण्णांची वळलेली मान आठवली. मी असं काही करत होते, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. आजारी माणूस आहे, हे मी विसरले. "सर पुन्हा आले, तेव्हासुद्धा तुम्ही नाहीच म्हणालात!"

"म्हणून तर नाही म्हणालो." ते थांबत थांबत बोलत होते. "तू वाईट केलं असतंस, तर एकदा करू दिलं असतं. हौस फिटली असती आणि घरी आली असतीस. पण तू फार चांगली होतीस गं. तू एकदा बाहेर गेली असतीस, तर परत या घरातली राहिली नसतीस. एक बाई तर गेलीच होती घरातून."

"मी तरी कुठे राहिले? लग्न लावून दिलंतच ना?"

त्यांनी पाणी मागितलं.

मी आत गेले. मला इतका राग आला होता की तांब्या माठावर आपटला, आणि इतकं रडू येत होतं की पाणी भरताना निम्मं बाहेर सांडलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला कुणी पाहिलंच नाही. पाहिलं होतं. माझं काम सगळ्यात जास्त पसंत करणाऱ्या माणसाने पाहिलं होतं आणि त्यानेच मला अडवलं होतं. डोळे कोरडे करून, तोंड धुऊन, मी बाहेर आले.

अण्णा उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, हातांकडे. मी खाली पाहिलं. मी दारात उभी होते आणि पदराला हात पुसत होते. तांब्या आतच राहिला होता. तो आणायला मला मागे वळायला हवं होतं, त्यांना तहान लागली होती. पण ते बघत होते तोवर मी चौकटीला हात लावून तशीच उभी राहिले.