मेक्सिकोचं डोस्कं अन् आमच्या गावचा पूल

भेवाची गोष्ट एकटी राह्यत नाई. एक सांगा, तं आयकनारा तिच्यावर आपली ठेवते, तिसरा त्याच्यावर आपली. त्या साली आमच्या गावात अशी थप्पी लागली का वरची काढल्याबिगर खालची दिसेना. म्हून पह्यल्यापासून सांगतो. अन् पह्यली हाय नत्थूच्या पैजेची.

आमचं गाव वडनेरच्या अलीकडं, नाल्याच्या काठावर. शाळा सातवीपावतर. मी साहवीत, दुसऱ्यांदा. शेवटच्या बाकावर आमी तिघं: मी, शेष्या अन् नत्थू. वझे मास्तर आमाले ड्राइंग शिकवत. पुन्याकडले मानूस, एकटेच राह्यत, सायकलवर फिरत. छडीले हात लावत नव्हते म्हून आमाले आवडत. त्याईनं एका इंग्रजी मासिकातलं चित्र कापून वर्गाच्या भिंतीले चिकटवलं. मेक्सिको नावाच्या देशात जंगलामधी एक दगडाचं डोस्कं. बाजूले एक मानूस उभा होता, तो त्याच्या नाकापर्यंतबी पुरत नव्हता. नाक चपटं, ओठ जाड, डोक्यावर घट्ट टोपी. अन् डोये असे का तुमी कोन्याबी बाकावर बसा, तुमच्याकडंच पाह्यते.

पैज अशी होती. दुपारच्या सुट्टीत नत्थूनं एकट्यानं वर्गात बसाचं, मी बाहेरून कडी लावनार, अन् घंटी होईपर्यंत त्यानं त्या डोस्क्याच्या डोयात डोया घालून राह्याचं. जिंकला तं शेष्याचा भोवरा त्याचा.

"कागदाले कोन भेते बे?" नत्थू म्हने, अन् गेला आत.

चैताचं ऊन. शाळेसमोर कुत्रंबी नव्हतं. थोड्या वेळानं आतून दार वाजलं. म्या काही कडी काढली नाई. मंग दार वाजनं बंद झालं, तवा मात्र मलेच कसंतरी वाटलं. कडी काढली. नत्थू दाराशी बसला होता, तोंड पांढरं फटक.

"त्यानं मान हालवली."

शेष्या हासाले लागला. "त्याले मान हाय कोठी बे? पाय ना."

तिघाईनं वर पाह्यलं. टोपी होती, डोये होते, ओठ होते. अन् हनवटीखाली एकदम जमीन. तवापावतर हे आमच्या कोनाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

भोवरा कोनी मांगतला नाई.

०००

दुसऱ्या दिवशी शेष्यानं मास्तरले इचारलं का याचं धड कोठी हाय.

"धड नाहीच," मास्तर म्हने. "लोकांनी खाली खणून पाहिलं. नुसतंच डोकं."

मंग ते सांगाले लागले. ओल्मेक नावाचे लोक होते, लय जुने. असे कित्तीक डोस्के त्याईनं केले. दगड तथचा नाई, लांबच्या पहाडाचा. आनला कसा? त्याईच्यापाशी ना चाकाची बंडी, ना बैल. काही डोस्क्याच्या तोंडावर कोनी तरी ठोकून ठेवलं, अन् मंग जमिनीत गाडून टाकलं. कोनी गाडलं? माहीत नाही. काऊन गाडलं? माहीत नाही. हे चेहरे कोनाचे? तेबी माहीत नाही.

गनिताच्या मास्तरपाशी "माईत नाई" म्हनलं का हातावर छडी बसते. हे तं सोताच म्हनून राह्यले होते, अन् वरून हासून. जे मास्तरलेच माईत नाई, ते मंग गावात कोनाले माईत असन? घरी जातानी नत्थू आमच्या दोघाईच्या मधात चालला.

म्या त्याले सांगतलं का ते धड आपलं डोस्कं पाहत फिरत असन. मेक्सिकोहून निंगालं होतं, आता हिंगनघाटपर्यंत आलं असन.

नत्थूनं इचार केला. म्हने, "त्याले रस्ता कसा दिसन? डोये तं डोस्क्यात राह्यले."

"म्हून तं चाचपत येते," शेष्या म्हने.

नत्थूले भेववाले गेलो, पन त्या दिवसापासून खाटेवरून पाय खाली लटकवनं म्याच सोडलं.

०००

आमच्या नाल्यावर तवा पूल बांधनं चालू होतं. ठेकेदारानं मातीसाठी मोठमोठे खड्डे खोदले होते अन् त्यात पानी साचलं होतं. दुपारी आमी तथी पोहाले जात. माही माय त्याच्यावर लय चिडे. माहे केस ओले दिसले का चुलीतलं लाकूड घेऊनच उभी.

त्याच दिवसात गावात मानकाप्या आला. म्हनजे आला असं सारे म्हनत, पाह्यला कोनीच नव्हता. पुलाच्या पायव्यात पोराईचे डोस्के टाकल्याबिगर पूल उभा राह्यत नाई, म्हून ठेकेदारानं मान कापाले एक मानूस ठेवला हाय, असं. पाटलाच्या घरी गोष्ट पोचली तवा त्या मानसाच्या खांद्यावर पोतं होतं. तेल्याच्या घरी त्याच्या हातात कोयता आला. शाळेपाशी आला तवा तो सायकलवर बसला होता.

आमाले तं सारं समजून गेलं. मेक्सिकोचे डोस्केबी पुलाचेच असन. वर्गात आमी हे पक्कं करून टाकलं. तरी मस्ती काही सुटे ना.

एक दिवस भर दुपारी आमी शेष्याले नाल्याच्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलं. डोक्यावर भात शिजवाचा जर्मनचा गंज उलटा घातला, टोपी म्हून. झालं मेक्सिकोचं डोस्कं तयार. नत्थू भेवून आधीच घरी गेला, मी पळसामागं लपलो. गवत कापाले आमच्या शेजारची गंगाबाई आली, वाकली, अन् डोस्कं बोललं, "राम राम, मावशी."

गंगाबाई ओरडलीबी नाई. इळा टाकला अन् पळत सुटली. म्या हासून हासून पोट धरलं. मंग गावाकडून मानसाईचे आवाज आले तसा मीबी पळालो. शेष्या रेतीतच राह्यला.

मानसं जवळ आलेच नाई. लांबूनच डोस्कं पाह्यलं अन् परत गेले. मी शेष्यापाशी वापस आलो. उकरून काढला. गावाच्या पांदन-रस्त्यापर्यंत आला तवा एवढंच म्हने:

"तू तं पळून गेलता ना बे? मंग खालून माहे पाय कोन धरून होतं?"

०००

बळी द्याचं पोर बिनडागी लागते, असं आमच्याकडं म्हनते. अंगाले भोक पडलं का ते पोर चालत नाई. गंगाबाईनं नाल्यातलं डोस्कं पाह्यलं, अन् दुसऱ्या दिवशी सोनाराच्या ओट्यावर ही गर्दी. ज्याईचे कान कधी टोचले नव्हते त्याईचे टोचले. ज्याईचे लहानपनी टोचून बुजले होते त्याईचे पुन्हा टोचले. शेष्याच्या आजीनं तं त्याचे दोन्ही कान दोन-दोन जागी टोचून घेतले, पुलाचं काय सांगता येते म्हून. माह्या मायनंबी मले बखोटीले धरून नेलं.

सोमवारी वर्गात पाह्याचं होतं. झाडून सारे पोट्टे कानात कडूनिंबाची काडी घालून, कान लाल, सुजलेले. पन मनानं सारे हलके. आता मानकाप्याचा बाप आला तरी काही करत नाई.

वझे मास्तर आत आले. आमाले पाह्यलं. कोन्या तरी सनाचं असन असं त्याईले वाटलं. मंग एकदम खूश होऊन ते भिंतीपाशी गेले अन् चित्रावर बोट ठेवलं.

"अरे वा! बघा, तुमच्यासारखंच. यांच्याही कानांत दागिने आहेत."

सारा वर्ग चित्राकडं पाह्यत राह्यला. होते. दोन्ही कानात होते.

आमच्याच बाकावरून कोनाचा तरी रडन्याचा आवाज आला. पह्यलं मले वाटलं नत्थू हाय. नत्थू नव्हे, शेष्या होता, चार भोकाचे कान दोन हातानं धरून.

०००

त्या आठवड्यात मास्तरनं ठरवलं का वर्गानं त्या डोस्क्याचा मातीचा नमुना कराचा. खऱ्या मानसाच्या डोक्याएवढा. मास्तर बाकाबाकातून फिरले, एकेकाचं तोंड निरखून पाह्यलं, अन् नत्थूपाशी थांबले.

"नत्थू, तुझा चेहरा अगदी तसाच आहे रे. तेच नाक, तेच ओठ. ये इकडे."

खिशातून सुतळी काढली अन् नत्थूच्या डोक्याचं माप घेतलं. कपाळावरून एक, हनवटीखालून एक. नत्थू दगडासारखा उभा. आमच्याकडं मेलेल्या मानसाचं माप घेते सुतळीनं, तिरडी बांधाले. मास्तरले हे कोन सांगन?

जाता जाता मास्तर म्हने का नत्थू, उद्याही ये, अजून बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी नत्थू आला नाई. त्याच्या दाराले कडी होती. तिसऱ्या दिवशी वर्गात आमी पाचच पोट्टे. मास्तर एकटेच बसून काळ्या मातीचं डोस्कं करत राह्यले, सुतळी लावून लावून. चेहरा उतरला होता. मले इचारलं, "माझं काही चुकलं का रे?"

त्या वक्ती मीबी म्हनलो, माईत नाई जी.

०००

अन् त्याच दिवशी बाजार होता.

मास्तर सायकल हातात धरून नाल्याकडून येऊन राह्यले होते. डोस्क्याले भेगा पडल्या होत्या, म्हून खड्ड्यातली बारीक माती लावाले तथी नेलं होतं. सायकलच्या मागं पोतं, पोत्यातून पानी टिपकून राह्यलं. बाजारातला एक एक मानूस चूप होत गेला. भाजीवाल्या बायाईनं पोरं लुगड्याखाली घेतले.

नत्थूचा बाप तवाच शेतातून सरळ बाजारात आलता, खांद्यावर कुऱ्हाड. दोन दिवस तो खळ्यावरच राह्यला होता. कोनी तरी त्याले सांगतलं का नत्थू कालपासून दिसला नाई. तो मास्तरच्या सायकलसमोर येऊन उभा राह्यला.

"मास्तर, पोतं सोडा."

मास्तरनं सोडलं. मोठ्या मायेनं सोडलं, आतलं फुटू नये म्हून. अन् वल्लं, काळं डोस्कं दोन हातात धरून वर काढलं. मी तथीच होतो. तुमाले सांगतो, ते मेक्सिकोचं नव्हतंच. तो नत्थू होता. नाक त्याचं, ओठ त्याचे, कानाचं भोकबी मास्तरनं काडीनं पाडलं होतं. हनवटीखालून पानी गळत होतं.

बाया ओरडल्या. नत्थूच्या बापानं खांद्यावरची कुऱ्हाड घट्ट धरली. मंग कसंतरी इचारलं, "कोनाचं डोस्कं हे?"

मास्तरले वाटलं, खरंच इचारून राह्यला हा मानूस.

"ते कुणालाच माहीत नाही हो," ते म्हने.

कुऱ्हाड खांद्यावरून खाली आली. चार जनाईनं मास्तरचे हात धरले, डोस्कं धुळ्ळ्यात पडलं. मास्तरचा चष्मा कोठी गेला दिसला नाई. मास्तर एवढंच म्हनत राह्यले का अरे माती आहे, माती आहे ती. कोनी आयकत नव्हतं. नत्थूच्या बापाच्या डोयात पाह्यलं अन् मले समजलं का आता हा मारते.

तेवढ्यात माही माय गर्दीत घुसली. डोक्यावरची टोपली खाली टाकली, कांदे सांडले, अन् ती सरळ जाऊन कुऱ्हाडीच्या दांड्याले लोंबकळली.

"थांबा भाऊ. नत्थू हिंगनघाटले हाय. काल पह्यल्या मोटारीनं त्याच्या मायनं त्याले मावशीकडं नेला. लपवाले नेला. मलेच सांगून गेली."

"काऊन लपवाले?"

"मानकाप्यापासून."

"मंग हा कोन?" त्यानं मास्तरकडं दांडा केला.

"हा मास्तर हाय. मानकाप्या कोनी नाई. तो म्या केला."

मायचा पदर खाली आलता, तो तिनं वर घेतला नाई. आमच्या मायले चार मानसाईपुढं बोलतानी म्या कधी पाह्यलं नव्हतं.

"हा माहा पोट्टा रोज दुपारी त्या खड्ड्यात पोहाले जाते. मागच्या पावसात माती खोदनाऱ्या बेलदाराचं लेकरू तथीच बुडालं, ते वर काढतानी मी होती. याले मारून पाह्यलं, कोंडून पाह्यलं. आयकतच नाई. मंग विहिरीवर गंगाबाईले म्हनलं का पुलाले डोस्के लागते, तुह्या पोराईले सांग, म्हनजे माहाबी आयकन. एकीलेच सांगतलं होतं जी."

नत्थूचा बाप म्हने, "एकीले? मंग तू बी कान टोचाले काऊन गेलती? दार लावून काऊन बसत होती?"

मायनं मास्तरकडं पाह्यलं, अन् मंग खाली.

"माहंच बोलनं गावभर फिरून माह्या दारी आलं तवा त्याच्यापाशी पोतं होतं, कोयता होता, सायकल होती. म्या ओळखलंच नाई."